पार्किंगचं पाणी: आधी ढाळ, मग जाळी, मग पाईप

वाहनतळावर साचणाऱ्या पावसाच्या पाण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत पाईपचा व्यास विचारला आहे. पण पाणी पाईपपर्यंत पोचलंच नाही तर तो कितीही मोठा असून उपयोग नाही. म्हणून उत्तरांत जमिनीचा ढाळ आणि जाळी यांनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: ५० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जागेवर डांबरी पार्किंग करायचं आहे. पावसाच्या पाण्यासाठी सहा इंची पाईप पुरेल असं ठेकेदार म्हणतो. बरोबर आहे का?

नाही, पुरणार नाही. कागद-पेन घेतलंत तर पाच मिनिटांत तुमची तुम्हालाच खात्री पटेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची जागा २,००० चौरस मीटर. तासाला १०० मिमी वेगाची सर धरली तर तासाला २ लाख लिटर पाणी पडेल. डांबरावर पडलेल्यातलं साधारण ९० टक्के पाणी वाहून येतं, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर. त्याला ३,६०० ने भागलं की सेकंदाला ५० लिटर येतात.

आता पाईप. काँक्रीटचा १५० मिमीचा, म्हणजे तुमचा सहा इंची पाईप १०० मीटरला १ मीटर ढाळाने टाकला तर तो पूर्ण भरून सेकंदाला सुमारे १५ लिटर नेतो. २२५ मिमीचा ४५ लिटर नेतो, तोही कमीच पडतो. ३०० मिमीचा ९७ लिटर नेतो. ढाळ निम्मा झाला, म्हणजे २०० मीटरला १ मीटर, तरी ३०० मिमीच्या पाईपातून ६८ लिटर जातं. तेव्हा शेवटच्या टप्प्याला ३०० मिमीच हवा. नव्या प्लॅस्टिक पाईपातून याहून जास्त पाणी जातं हे खरं, पण वाळू-गाळाचा थर बसल्यावर तो फरक उरत नाही. त्याच्या भरवशावर व्यास कमी करू नका. पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या खाली गेला तर गाळ पाईपातच बसतो, हेही ढाळ ठरवताना पाहावं.

तासाला १०० मिमी हा आकडा मात्र तुमच्या गावाचा तुम्हालाच शोधावा लागेल. इथे एक चूक सर्रास होते: दिवसभराचा पाऊस घेऊन त्याला २४ ने भागलं जातं. पार्किंगच्या लांबच्या कोपऱ्यातून जाळीपर्यंत यायला पाण्याला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात कोसळणारी जोराची सर किती, हे महत्त्वाचं. हवामान खात्याच्या नोंदींवरून पावसाची तीव्रता, कालावधी आणि वारंवारता यांचे आलेख तयार केलेले असतात. त्यातून पाच किंवा दहा वर्षांतून एकदा येणारी, पाच-दहा मिनिटांची सर घ्यावी. ती तासाला १५० मिमी निघाली तर वरचे ५० लिटर सरळ ७५ होतात.

आणखी दोन गोष्टी. पुढचा पाईप मागच्यापेक्षा लहान कधीच नको, पुढे ढाळ वाढत असला तरीही. मागून आलेली काठी-पिशवी त्या अरुंद तोंडाशीच अडकते. दुसरं, खोदाईआधी ज्या नाल्यात पाणी सोडायचं त्याची पावसाळ्यातली पातळी मोजा. नाला भरल्यावर तुमच्या पाईपचं तोंड बुडत असेल, तर ऐन पावसात पाणी उलटं आत येईल. तिथे झडपेचं तोंड लावावं लागतं, आणि झडप मिटलेली असताना तुमचं स्वतःचं पाणी कुठे थांबेल तेही आधी ठरवावं लागतं.

प्रश्न: नवीन डांबर टाकून महिनाही झाला नाही, तरी ठिकठिकाणी डबकी राहतात. ढाळ अर्धा टक्का दिला आहे असं सांगतात. दोष कोणाचा?

दोष आराखड्याचा. अर्धा टक्का ढाळ कागदावर वाहतो, डांबरावर नाही. अर्ध्या टक्क्याने तीन मीटरमध्ये जमीन फक्त १५ मिमी उतरते. डांबर कितीही नीट अंथरलं तरी तीन मीटरची पट्टी ठेवल्यावर पाच-सहा मिमीचा चढउतार निघतोच. एका ठिकाणी सहा मिमी उंचवटा आणि दीड मीटर मागे सहा मिमी खळगा आला, तर तेवढ्या अंतरातला साडेसात मिमीचा उतार संपून उलटा चढ होतो. डबकं तिथेच बसतं. म्हणून डांबरावर कमीत कमी १ टक्का आणि आराखड्यात दीड ते दोन टक्के धरावा. पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. गाडीचं दार हातातून सुटतं, सामानाची ढकलगाडी आपोआप पळते.

चाकाच्या खुर्चीसाठी राखलेल्या जागांना वेगळा नियम आहे: कुठल्याही दिशेने मोजा, ढाळ दोन टक्क्यांच्या आत हवा. ही मेख अनेकांच्या लक्षात येत नाही. लांबीत दीड टक्का आणि रुंदीत दीड टक्का दिला की तिरक्या रेषेत तो २.१ टक्के होतो, आणि कागदावर दोन्ही आकडे बरोबर असूनही जागा नियमाबाहेर जाते. खुर्ची चालवणाऱ्या माणसाला तो तिरका उतार दर वेळी जाणवतो. या जागांत एकाच दिशेने ढाळ द्या.

टक्केवारी सांगून गवंडी किंवा पेव्हर मशीनवाला काम नीट करू शकत नाही. त्याला पातळ्या द्या. पाच-पाच मीटरवर खुणा मारून प्रत्येक खुणेची पातळी ऑटो लेव्हलने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीने ठरवा. पाण्याचा कणा (जिथून पाणी दोन्हीकडे वळतं ती उंच रेषा) कुठे आणि घळ (जिथे ते एकत्र येतं ती खोलगट रेषा) कुठे हे आराखड्यावर जाड रेघेने दाखवा. घळ दाराकडे जाणाऱ्या पायवाटेला आडवी येऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येकाला पाण्यातूनच चालावं लागतं. घळीत पाणी एकवटून वाहतं आणि डांबर उखडतं, म्हणून तिथे ६०० मिमी रुंदीची काँक्रीटची उथळ पन्हळ घालणं चांगलं.

झालेल्या डबक्यांवर पातळ डांबराचा लेप देऊ नका. पाच-दहा मिमीचा थर एका पावसाळ्यात सालीसारखा निघतो. खळग्याच्या भोवती चौकोन कापून ३० ते ४० मिमी खरवडा, खाली चिकटद्रव मारा आणि मग भरा. आणि पुढच्या वेळी शेवटचा थर टाकण्याआधी टँकरने पाणी सोडून पाहा. तासाभराने जिथे ३ मिमीपेक्षा खोल पाणी उरेल तिथे खडूने गोल करा. त्या टप्प्यावर दुरुस्ती अगदी सोपी असते.

प्रश्न: पाईप मोकळा आहे, साफ करून घेतला. तरी दोन्ही जाळ्यांभोवती तळं होतं. का?

कारण पाणी जाळीच्या सगळ्या भोकांतून एकदम खाली पडत नाही. उथळ पाणी जाळीच्या कडेवरून आत ओघळतं, बंधाऱ्याच्या माथ्यावरून ओघळावं तसं. म्हणून जाळीचं क्षेत्रफळ नव्हे, तिची कड मोजायची. हिशेब असा: कडेची लांबी मीटरमध्ये, तिला पाण्याच्या खोलीच्या (तीही मीटरमध्ये) दीड घाताने गुणा, मग १.६६ ने गुणा. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. ६०० बाय ६०० मिमीच्या जाळीची कड २.४ मीटर. पाणी ५ सेंटिमीटर चढलं तर ४४ लिटर आत जातं. पण पानं आणि प्लॅस्टिकने निम्मी जाळी बंद होणार हे गृहीत धरायलाच हवं, म्हणजे उरले २२ लिटर. जाळी कर्बला, म्हणजे कडेच्या उंच काठाला चिकटून असेल तर एक बाजू गेली, तिच्यातून १६-१७ लिटरच जाईल. पहिल्या प्रश्नातल्या ५० लिटरसाठी मोकळ्या जागेत तीन जाळ्या लागतात, कर्बला लागून असतील तर चार. दोन पुरणार नाहीत, खाली पाईप केवढाही असो.

दुसरं कारण जाळीभोवतीच्या भरावात असतं. चेंबर, म्हणजे जाळीखालची छोटी टाकी बांधताना खड्डा मोठा खणतात आणि भोवतीची पोकळी एकदम माती लोटून भरतात. चेंबर जागचं हलत नाही, भोवतीचा भराव दबतो, आणि जाळी बेटासारखी उंच राहते. भराव १५० मिमीच्या थरांत टाकून प्रत्येक थर धुमसाने कुटावा. जाळीचा माथा भोवतीच्या डांबरापेक्षा १० ते २० मिमी खाली असावा. चेंबरच्या भिंतीत खडीच्या थराच्या पातळीला चार लहान भोकं ठेवून बाहेरून जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणाऱ्या कापडाचा तुकडा लावा. डांबराखालच्या खडीत मुरलेलं पाणी त्यातून चेंबरमध्ये उतरतं. ही भोकं नसली की खडी ओली राहते आणि जाळीच्या भोवतीच डांबराला आधी भेगा पडतात. काम चार भोकांचं, पण त्याने डांबराचं आयुष्य वाढतं.

जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर सायकलचं चाक अडकतं. ताकदही पाहा: युरोपीय मानकातला १२५ किलोन्यूटनचा वर्ग फक्त मोटारींच्या जागेला चालतो. मालाचे ट्रक येत असतील तर ४०० किलोन्यूटनचा घ्या.

प्रश्न: पाणी मुरवणारे पेव्हर ब्लॉक बसवले तर गटाराची गरजच नाही, असं ऐकलं. आमच्या जागेत खाली चिकणमाती आहे.

चिकणमाती असेल तर गटार लागेल, फक्त लहान. आधी एक गैरसमज दूर करू. नेहमीचे ब्लॉक वाळूवर बसवून सांध्यात वाळू झाडली की त्यातून पाणी फारसं मुरत नाही. अशी फरशी जवळजवळ डांबरासारखीच वागते. मुरवणाऱ्या फरशीत पाणी ब्लॉकमधून नव्हे, रुंद सांध्यांतून खाली जातं, आणि खरं काम खालची खडी करते.

थर वरून खाली असे: ८० मिमी जाडीचा ब्लॉक, सांध्यात बारीक चिप (दगडाचे बारीक तुकडे), त्याखाली ५० मिमी बारीक चिपचा थर, साधारण ३ ते ८ मिमी आकाराची, मग १०० मिमी जाडीचा ५ ते २५ मिमी खडीचा थर, आणि सर्वांत खाली २० ते ६५ मिमीची मोठी खडी, गरजेप्रमाणे २०० ते ४०० मिमी. सगळी खडी धुतलेली हवी. कच कुठल्याच थरात नको. अशा खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते, म्हणजे ३०० मिमीच्या थरात १२० मिमी पाऊस मावतो.

आता ते पाणी जातं कुठे? खडीच्या तळाच्या पातळीपर्यंत खड्डा घ्या, तो पाण्याने भरून काही तास भिजू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती मिमी उतरते ते मोजा. १३ मिमी किंवा जास्त उतरली तर माती आपलं काम करेल. १२० मिमी पाणी नऊ-दहा तासांत जिरेल. चिकणमातीत ती २ मिमी उतरली तर तेच पाणी जायला ६० तास लागतील, आणि तोवर पुढची सर आलेली असेल. अशा जागी खडीत १०० मिमीचा भोकांचा पाईप टाकतात. तो तळाला न ठेवता थोडा वर ठेवावा: खालचं पाणी सावकाश जमिनीत जिरतं, वरचं पाईपाने बाहेर जातं. चिकणमातीवर रोलर जास्त फिरवला की ती आणखी बंद होते. कमी दाबली तर वजन पेलायला खडी जाड करावी लागते. इथे खडी जाड करणं हाच आमचा सल्ला. जमीन उतरती असेल तर तळाला पायऱ्या किंवा आडवे बांध घाला, नाहीतर सगळं पाणी खालच्या टोकाला जमून तिथून वर येतं.

ही फरशी बिघडते ती जवळजवळ नेहमी मातीने. ब्लॉक बसवणारा सवयीने सांध्यात वाळू झाडतो. त्या एका दुपारी सगळं काम वाया जातं. बांधकामाचे ट्रक चिखलाची चाकं घेऊन फिरतात. फुलझाडांचे वाफे फरशीपेक्षा उंच ठेवतात आणि पहिल्या पावसात माती सांध्यांत उतरते. म्हणून हे काम सर्वांत शेवटी करा, वाफ्यातली माती फरशीपेक्षा ५० मिमी खाली ठेवा, आणि वर्षातून एकदा-दोनदा कोरड्या हवेत निर्वात यंत्राने झाडून घ्या. सांधे गच्च झाले असतील तर वरची २० ते २५ मिमी चिप काढून नवी भरली की फरशी बहुतेक वेळा पुन्हा पाणी पिऊ लागते. इमारतीच्या पायापासून तीन मीटरच्या आत मुरवणी करू नका. इंधन भरण्याच्या किंवा गाड्या दुरुस्त करण्याच्या जागीही नको. तिथलं तेल थेट भूजलात जाईल.

प्रश्न: नवीन पार्किंगमुळे बाहेर जाणारं पाणी पूर्वीइतकंच ठेवा, अशी अट घातली आहे. साठवण टाकी किती मोठी घ्यावी?

पुन्हा तीच २,००० चौरस मीटर जागा घेऊ. मोकळ्या गवताळ जमिनीवरून २० टक्के पाणी वाहत होतं असं धरलं, तर १०० मिमीच्या सरीत सेकंदाला ११ लिटर बाहेर जात होतं. तेवढंच सोडायचं, बाकीचं अडवायचं. समजा, तुमच्या आलेखात १५ मिनिटांना तासाला १३० मिमी, अर्ध्या तासाला १००, एका तासाला ६५ आणि दोन तासांना ३८ मिमी अशा सरी आहेत. प्रत्येकीत आलेलं पाणी वजा गेलेलं पाणी काढा: १५ मिनिटांच्या सरीत सुमारे ४९ घनमीटर उरतं, अर्ध्या तासाच्या ७०, एका तासाच्या ७७ आणि दोन तासांच्या ५७. सर्वांत जोराची सर सर्वांत मोठी टाकी मागत नाही, हे इथे दिसतं. पाईप ठरतो छोट्या जोरदार सरीवर, टाकी ठरते लांबलेल्या मध्यम सरीवर. एकाच आकड्यावरून दोन्ही काढले की टाकी लहान पडते.

टाकीतून ११ लिटर सोडण्यासाठी, भोकावर एक मीटर पाणी असताना, सुमारे ७३ मिमी व्यासाचं भोक लागतं. टाकी अर्धवट भरलेली असताना त्यातून कमी पाणी जातं, म्हणून ७७ घनमीटरपेक्षा टाकी थोडी मोठीच घ्या. एवढं लहान भोक एका पाण्याच्या बाटलीने बंद होतं. त्याच्यापुढे मोठ्या क्षेत्रफळाची जाळी द्या, आणि टाकीच्या माथ्याजवळ सांडवा ठेवा. सांडव्यातून निघालेलं पाणी कुठून वाहील ती वाट आराखड्यावर आखा, आणि ती इमारतीच्या दारापासून दूर न्या.

थोडं पाणी पार्किंगवरच अडवता येतं. जाळीभोवती चारही बाजूंनी दीड टक्का ढाळ असेल आणि जाळीपाशी १५० मिमी खोल पाणी उभं राहू दिलं, तर २० बाय २० मीटरच्या चौकोनात सुमारे २० घनमीटर मावतं. याहून खोल नको. मोटारींच्या दारांत पाणी शिरू शकतं. दाराजवळच्या जागा यासाठी वापरू नका, लांबच्या कोपऱ्यातल्या वापरा.

प्रश्न: तळघरातल्या पार्किंगमध्ये रॅम्पवरून पाणी येतं. रॅम्पच्या तळाला आडवी जाळी आहे, पंपही आहे.

पाणी तळाला पकडण्याआधी वर अडवा. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्याच्या सर्वांत वरच्या पाणपातळीपेक्षा १०० ते १५० मिमी उंच उंचवटा हवा. तो नसेल तर तुमचा पंप तुमचं पाणी नव्हे, अख्ख्या रस्त्याचं पाणी उपसत बसतो आणि हरतो.

मग रॅम्पवर पडणारं पाणी मोजा, आणि भिंत विसरू नका. वाऱ्याने तिरका आलेला पाऊस शेजारच्या भिंतीवर आपटून खाली ओघळतो; भिंतीचं निम्मं क्षेत्रफळ हिशेबात घेतात. रॅम्प २० बाय ६ मीटर म्हणजे १२० चौरस मीटर. त्याच्या कडेला २० मीटर लांब, १२ मीटर उंच भिंत असेल तर तिचे निम्मे आणखी १२०. हिशेब दुप्पट झाला. तासाला १५० मिमीने सेकंदाला १० लिटर येतात. इथे जास्तीचं पाणी वाहून जायला दुसरी वाट नसते, म्हणून पाच वर्षांची सर धरून भागत नाही. पन्नास किंवा शंभर वर्षांतून एकदा येणारी घ्या.

उताराने सुसाट आलेलं पाणी १०० मिमीच्या पन्हळीवरून उडी मारून पुढे जातं. पन्हळ ३०० मिमी रुंद करा, आणि शक्य असेल तर रॅम्पच्या मध्यावर आणखी एक द्या. पंप दोन हवेत, प्रत्येक एकटा सगळं पाणी उपसू शकेल असा, आळीपाळीने चालणारा, आणि दोघांनाही जनरेटरची जोड हवी, कारण वीज नेमकी पावसात जाते. पंप तासाला सहापेक्षा जास्त वेळा सुरू होऊ नये असं ठरवलं तर सुरू आणि बंद पातळ्यांमधलं पाणी असं काढतात: १० लिटर गुणिले ६०० सेकंद भागिले ४, म्हणजे १,५०० लिटर. बंद पातळीच्या खालचं पाणी यात धरू नका. प्रत्येक पंपाच्या पाईपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आणि त्याच्या पुढे बंद करायचा व्हॉल्व्ह लावा. बाहेर जाणारा पाईप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन मगच खाली वळवा, नाहीतर रस्त्यावरचं गटार भरल्यावर पाणी त्याच पाईपाने तळघरात परत येतं. धोक्याच्या पातळीची घंटा पंपाच्या फ्लोटवर (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणाऱ्या गोळ्यावर) नको, तिला वेगळा फ्लोट द्या. पंपाचा फ्लोट अडकला की घंटा वाजायलाच हवी.

प्रश्न: गाड्यांखालचं तेल पावसाच्या पाण्यात मिसळू नये म्हणून साधा उपाय आहे का?

आहे. चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या ४५० ते ६०० मिमी खाली ठेवा आणि त्या पाईपाच्या तोंडाला खाली वळलेलं कोपर बसवा. वाळू तळाशी बसते, तेल आणि कचरा वर तरंगतो, कोपर मधलं पाणी ओढतं. तळाची खोली निम्मी गाळाने भरली की उपसा, नाहीतर पुढच्या जोरदार सरीत सगळं ढवळून निघून जातं. पाण्यात मिसळून गेलेलं इंधन याने अडत नाही. गाड्या धुण्याची किंवा दुरुस्तीची जागा असेल तर तेल वेगळं करणारी खास टाकीच लागते.

प्रश्न: पार्किंगचं पाणी इमारतीच्या मैलापाण्याच्या पाईपात सोडलं तर चालेल का? तो जवळ आहे.

नाही. तो पाईप घरातल्या वापराच्या पाण्याच्या मापाचा असतो. ५० लिटरचा लोंढा त्यात शिरला की तळमजल्यावरच्या संडासांतून मैलापाणी वर येतं. पाईप जवळ असला तरी पावसाच्या पाण्याची वाहिनी वेगळीच काढा.